घाटात अन् काळ्या मातीत चालणाऱ्या गाडीला टायर कोणता? दुकानात जाण्याआधी हे वाचा

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट आहे. वहिनीला रात्री कळा सुरू झाल्या. चुलतभावाचं घर सातपुड्यात, पाड्यावर. जीप दारापर्यंत येते, पण रस्ता म्हणजे नाल्यातले गोटे अन् त्यावर टाकलेला मुरूम. भावाच्याच जीपमधून निघालो. चार किलोमीटर गेलो नाही तोच मागचा डावा टायर खाली बसला. टॉर्च लावून बघितलं तर पंक्चर नव्हतं, टायरची बाजूच फाटली होती, चांगली चार बोटं. कडेच्या दगडाने कापली होती. टायर सहा महिन्यांचा, वरची नक्षी नवीकोरी. म्हटलं, स्टेपनी आहे ना. स्टेपनी उतरवली तर तिच्यात हवाच नाही.

मोबाइलला रेंज नव्हती. एक पोरगा पायी खालच्या गावात पाठवला, तो दुसरी गाडी घेऊन येईपर्यंत दीड तास गेला. तो दीड तास आम्ही कसा काढला ते इथे लिहीत नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पोरगी आता अंगणात पळते. पण त्या रात्रीपासून मी टायरकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. दुकानदारांना, पंक्चरवाल्यांना, जुन्या ड्रायव्हरांना विचारत गेलो. त्यातलं जे कामाचं वाटलं, ते आज लिहितोय.

आपण टायर घ्यायला जातो तेव्हा तीन गोष्टी बघतो. नक्षी किती खोल, कंपनी कोणती अन् भाव काय. हायवेवर चालणाऱ्या गाडीला एवढं पुरतं. पण अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यातल्या गाडीचा टायर घासून संपायच्या आधी बाजूने फाटून मरतो. आपल्याकडचा दगड काळा कातळ, फुटला की त्याला धार येते. म्हणून आपल्या गाडीचा टायर निवडताना पहिला प्रश्न नक्षीचा नाही, बाजूचा. दुकानदार याला साईडवॉल म्हणतात.

बाजूवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या बाजूवर इंग्रजीत आकडे असतात. बोलेरोला साधारण २१५/७५ आर १५ हा टायर येतो. यात २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे रुंदीच्या ७५ टक्के एवढी बाजूची उंची, म्हणजे १६१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे डिस्कचा व्यास, इंचात.

आता बघा, पोरं काय करतात. जुनी लोखंडी डिस्क काढून चकचकीत १७ इंची अलॉय टाकतात. गाडीची उंची तेवढीच राहावी म्हणून टायर घ्यावा लागतो २१५/६० आर १७. बाजूची उंची १६१ वरून १२९ मिलिमीटरवर आली. दगडावर चाक चढलं की झटका खायला जी रबराची उशी असते, ती सव्वा इंचाने कमी झाली. खड्ड्यात डिस्क थेट आपटते, मधल्या टायरचा चेंदा होतो. शिवाय लोखंडी डिस्क वाकली तर गावातला लोहारसुद्धा हातोड्याने सरळ करून देतो. अलॉय तडकतं. तडकलं की जागेवरच बसायचं. लग्नाच्या वरातीत अलॉय शोभतं, चांदसैलीच्या घाटात लोखंडी डिस्कच बरी.

रुंदी-उंचीच्या पुढे अजून एक आकडा अन् एक अक्षर असतं, ते बहुतेकांनी कधी बघितलेलं नसतं. तो आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक. तो किलो नसतो, त्याचा तक्ता असतो. १०० म्हणजे ८०० किलो. १०४ म्हणजे ९०० किलो. १०९ म्हणजे १०३० किलो. ११२ म्हणजे ११२० किलो. पुढचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं, त्याची आपल्या रस्त्यांवर फार चिंता नाही. वजनाची मात्र आहे.

मोलगीच्या बाजाराचं उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात आमचूरची पोती भरून पिकअप उतरते. समजा मागच्या दोन टायरांवर १०० क्रमांक आहे. दोघं मिळून १६०० किलो पेलतात. रिकाम्या गाडीचंच मागच्या बाजूला समजा ७०० किलो वजन आहे. उरले ९०० किलो. आता तुम्ही दीड टन माल टाकला, वर चार माणसं बसवली, तर टायर काय करणार? अन् हे ९०० किलोसुद्धा हवा पूर्ण असेल तेव्हाचं. हवा कमी तर वजन पेलायची ताकदही कमी. म्हणून माल वाहणाऱ्या गाडीला कारचा टायर बसवू नका, जरी मापात बसत असला अन् हजार रुपयांनी स्वस्त मिळत असला तरी. मालगाडीच्या टायरवर मापाच्या मागे-पुढे एलटी किंवा सी असं लिहिलेलं असतं, किंवा ८ पीआर असं. त्याची बाजू जाड अन् कडक असते. तोच टायर दगडाचा घाव जास्त सोसतो. दुकानात विचारताना ‘मजबूत टायर द्या’ म्हणू नका. ‘८ पीआर आहे का, वजनाचा क्रमांक किती’ असं विचारा. दुकानदार लगेच नीट बोलायला लागतो, हा माझा अनुभव.

नक्षी : एचटी, एटी, एमटी

बाजू झाली, आता नक्षी. दुकानात तीन नावं ऐकू येतात. एचटी म्हणजे डांबरी रस्त्याचा टायर. नक्षी बारीक, आवाज कमी, गाडी मायलेज चांगलं देते. एटी म्हणजे डांबर अन् कच्चा रस्ता दोन्हीचा. एमटी म्हणजे चिखलाचा. मोठमोठे ठोकळे, मध्ये रुंद खाचा, बघायला रुबाबदार.

एमटीचं खूळ सध्या जोरात आहे. मोबाइलवर ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातले व्हिडिओ फिरतात. मोठमोठ्या फोर बाय फोर गाड्या, लाल धूळ उडवत चालल्यात. ते बघून आपल्याकडची पोरं म्हणतात, असाच टायर पाहिजे. त्या लोकांचा रस्ता समजून घ्या. तिकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात गिब रिव्हर रोड नावाचा रस्ता आहे, साधारण ६६० किलोमीटर. दक्षिणेकडे मारी ते बर्ड्सव्हिल असा दुसरा एक आहे, पाचशे किलोमीटरहून मोठा. खडी, धूळ, मध्ये वस्ती जवळजवळ नाही. आपल्याकडे धडगावहून निघालं तर पाऊण-एक तासात कुठलं तरी गाव, कुठलं तरी घर लागतं. तिकडे टायर गेला तर एखाद्या दिवसभर दुसरी गाडी दिसत नाही. म्हणून तिथले जाणते लोक दोन स्टेपन्या घेऊन निघतात, जाड बाजूचे एलटी टायर लावतात, खडीवर हवा थोडी कमी करतात अन् हवा कमी केली की वेगही कमी करतात. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे. ठोकळ्यांची नक्षी नव्हे. तिथलेही कितीतरी लोक एटीवरच फिरतात.

एमटीचे तोटे आपल्या भागात नेमके महागात पडतात. ओल्या डांबरावर त्याचे ठोकळे कमी पकडतात, म्हणजे ब्रेक मारल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते. देवगोईच्या घाटात पावसात उतरताना ही गोष्ट ध्यानात ठेवा. डिझेल जास्त जातं. आवाज इतका की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. अन् झिजतोही लवकर. ज्याची गाडी रोज चिखलातूनच जाते, डांबर क्वचित लागतं, त्याने एमटी घ्यावा. बाकी ज्याचा निम्मा रस्ता डांबरी अन् निम्मा कच्चा, त्याला एटी. माझ्या मते आपल्या दहातल्या आठ गाड्यांना एटीच योग्य. अन् तळोदा-शहादा सपाटीवर, डांबरावरच जास्त फिरणाऱ्याने उगाच एटीसुद्धा घेऊ नये. चांगला एचटी घ्यावा अन् वाचलेल्या पैशात नवी स्टेपनी.

फोर बाय फोर गाडीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. चारही चाकं ओढतात म्हणून गाडी चढते खरी, पण थांबवायचं काम टायरच करतो. चढायला चार चाकांची ताकद, उतरायला टायरची पकड. उतारावर फोर बाय फोरचा भरवसा धरून वेग ठेवणारे बांधावरून खाली गेलेले मी बघितलेत. दुसरं, फोर बाय फोरला चारही टायर एकाच मापाचे अन् साधारण सारखे झिजलेले पाहिजेत. दोन नवे दोन टक्कल असं केलं तर पुढची-मागची चाकं सारखी फिरत नाहीत अन् ताण थेट गिअरपेटीवर येतो. तिचा खर्च चार टायरांपेक्षा जास्त. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर काढून ठेवा, ते याच कारणाने.

अन् मोठा टायर टाकायचा मोह? २१५/७५ च्या जागी २३५/७५ टाकला तर चाक साधारण चार टक्के मोठं होतं. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२-६३ ने चाललेली असते. ओढ कमी होते, ब्रेकवर ताण येतो, वळणात टायर आतल्या पत्र्याला घासतो. कंपनीने त्या गाडीला जे माप दिलंय, त्यातलंच घ्या. कागदोपत्रीही तेच सुरक्षित, उद्या अपघात झाला तर विमावाला आधी हेच विचारेल.

काळी माती ही वेगळीच जात

आता सपाटीकडे येतो, तापीच्या काठाकडे. इथला त्रास दगडाचा नाही, काळ्या मातीचा. पहिल्या दोन पावसांनंतर कापसाच्या, पपईच्या शेतातली वाट म्हणजे साबण. काळी माती टायरच्या खाचांमध्ये गच्च भरते अन् वाळत नाही, सुटत नाही. मग एचटी काय अन् एटी काय, चाक गुळगुळीत लाडू होऊन जागेवर फिरतं. एमटीच्या रुंद खाचा फिरताना माती थोडीफार फेकतात, पण त्यालाही चाकाला वेग लागतो, अन् वेग दिला की चाक खड्डा खणतं. खरं सांगू? भिजलेल्या काळ्या रानात उत्तम टायर म्हणजे बांधावर उभी केलेली गाडी. माल ट्रॅक्टरने काढा.

पण आजारी माणूस असेल तर थांबता येत नाही. तेव्हा आमच्याकडची जुनी युक्ती कामाला येते. लोखंडी डिस्कला भोकं असतात, त्यातून जाड दोर ओवून टायरवर चार-पाच ठिकाणी आवळून बांधायचा. हळू, माणूस चालतो तेवढ्या वेगाने न्यायचं. मागची चाकं ओढणारी गाडी असेल तर मागे बांधायचा, फोर बाय फोर असेल तर चारही. दोर ब्रेकच्या नळीला लागत नाही ना ते बघायचं अन् घट्ट रस्ता लागला की लगेच सोडायचा. त्याचं नाव तेवढंच, शे-दोनशे मीटर पार करणं. साखळी मिळाली तर आणखी चांगली.

हवा : न दिसणारा भाग

हवा किती भरायची? पुष्कळ लोक टायरवरचा आकडा वाचून भरतात. ती चूक आहे. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तुमच्या गाडीला किती पाहिजे ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत चिकटवलेल्या पट्टीवर असतं. रिकाम्या गाडीचा वेगळा अन् भरलेल्या गाडीचा वेगळा. हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजायची. आपल्याकडे मेमध्ये ४२-४४ डिग्री होते, डांबर त्याहून कितीतरी तापतं. दर दहा डिग्रीला टायरमधला दाब साधारण दीड पौंडाने वाढतो. दुपारी पंपावर आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका. संध्याकाळी थंड झाला की टायर कमी भरलेला असेल.

अन् कमी हवा हीच उन्हाळ्यात टायर फुटायचं मोठं कारण. लोकांना उलट वाटतं, जास्त हवेने फुटला. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते-उठते, दबते-उठते. तार दहा वेळा वाकवली की गरम होते, तसंच. आतलं रबर तापतं, थर सुटतात अन् भर वेगात टायर उडतो. त्यात काठीच्या होळीला निघालेली जीप असेल, आत, बाहेर, टपावर माणसं, तर विचारायलाच नको. तसल्या गाडीत आपलीच पोरं असतात.

मग कच्च्या रस्त्यावर हवा कमी करायची की नाही? गाडी हलकी असेल, रस्ता लांबपर्यंत खडीचा किंवा वाळूचा असेल, तर चार-सहा पौंड कमी केल्याने टायर दगडाला धक्का देण्याऐवजी त्यावर बसतो, हादरे कमी होतात. नदीच्या वाळूत तर अजून कमी लागते. पण गाडी भरलेली असेल तर एक पौंडही सोडू नका. अन् धारदार दगडांच्या वाटेवर जास्त सोडली तर बाजू बाहेर फुगते अन् नेमकी तीच कापली जाते. हवा सोडली की वेग तीस-चाळीसच्या आत, अन् डांबर लागायच्या आधी परत भरायची. म्हणजे गाडीत पंप पाहिजेच. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो घेऊन ठेवा. नायट्रोजन भरून घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, अन् डोंगरात हवा कमी झाली तर नायट्रोजन कोण आणून देणार?

ट्यूबलेस, ट्यूबवाला, नायलॉन

ट्यूबलेसला खिळा लागला तर हवा हळूहळू जाते, गाडी गावापर्यंत येते. वात घालून दहा मिनिटांत पंक्चर निघतं, चाकही खोलावं लागत नाही. शंभर वेळा सांगतो, वात घालायचं किट गाडीत ठेवा अन् घरच्या अंगणात एकदा स्वतः करून बघा. रात्री घाटात पहिल्यांदा शिकू नये. पण हे फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागाचं. बाजूला कट गेला की वात चालत नाही. तेव्हा आत जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, अन् ट्यूब टाकून कसंबसं जवळच्या गावापर्यंत आणता येतं. तेवढंच. गेटर टाकलेला टायर महिनोन् महिने चालवणारे लोक आहेत, पुढच्या चाकाला तर हात जोडून सांगतो, नको.

जुन्या पिकअपला अजून नायलॉन टायर लावतात, म्हणजे रेडियल नसलेला. त्याची बाजू जाड, कट कमी लागतात, रात्री कुठलाही पंक्चरवाला खोलून देतो, भावही कमी. पण तो तापतो जास्त, झिजतो लवकर. दिवसाला वीस-तीस किलोमीटर दगडातच फिरणाऱ्या गाडीला मी नायलॉनला नाव ठेवणार नाही. गुजरातपर्यंत मजूर घेऊन जाणाऱ्या, लांब पल्ल्याच्या गाडीला मात्र रेडियलच घ्या. अन् एका धुऱ्यावर एक रेडियल एक नायलॉन असं कधीच नको, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

शहरातून उतरलेले सेकंड टायर आपल्या बाजारात पुष्कळ येतात. नक्षी चांगली दिसते. घेण्याआधी बाजूवर लांबट चौकटीतले चार आकडे शोधा. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन साल. पाच-सहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही असली तरी घेऊ नका. रबर कडक झालेलं असतं, खाचांच्या तळाशी नखाने दाबून बघा, केसासारख्या भेगा दिसतात. नवा टायर घेतानाही हे आकडे बघा, दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला माल ‘नवा’ म्हणून मिळतो. आयएसआयचा शिक्का पाहिजेच, तो आपल्या देशात सक्तीचा आहे. रिमोल्ड केलेला टायर ट्रॉलीला ठीक. माणसं बसतात त्या गाडीला, पुढच्या चाकाला, अजिबात नाही.

टायर कधी बदलायचा? खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली, कायद्याने तो टायर संपला. पण घाटातल्या पावसाला ती वाट बघू नका, तीन मिलिमीटरला बदला. अन् दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर नवे मागे लावा. सगळे पुढे लावतात. मागचं चाक घसरलं की गाडी फिरते, अन् फिरलेली गाडी कुणाला सावरता येत नाही.

स्टेपनीची गोष्ट

स्टेपनी हा शब्द आपल्याला आपलाच वाटतो. पण तो आला वेल्समधल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्याच्या नावावरून. १९०४ च्या सुमारास तिथल्या लोकांनी मोटारीचं जादा चाक विकायला सुरुवात केली, तोवर गाड्या जादा चाकाशिवायच यायच्या. एका गल्लीचं नाव सातपुड्यातल्या पाड्यापर्यंत पोचलं.

अन् आता उलटं चाललंय. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा अन् पंक्चरचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. काही नव्या गाड्यांत स्टेपनी मिळतच नाही, काहींत बारीक चाक मिळतं, जे गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं असतं. शहरात ठीक. डोंगरात राहणाऱ्याने गाडी घेताना डिकी उघडून बघावं, पूर्ण मापाची स्टेपनी आहे का. नसेल तर भाव ठरवतानाच मागून घ्यावी. स्टेपनीत हवा थोडी जास्तच ठेवा, सोडता येते, ऐन वेळी भरता येत नाही.

स्टेपनीसोबत जॅक, पाना अन् पान्याला लावायला हातभर लोखंडी पाईप. गॅरेजवाले नट मशीनने इतके आवळतात की बायामाणसांना काय, गड्यालाही सुटत नाहीत. अन् एक फळी, दीड-दोन इंच जाड, फूटभर रुंद. चिखलात जॅक लावला की गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच जमिनीत जातो. फळी नसल्यामुळे अडकलेल्या गाड्या मी स्टेपनी नसलेल्यांपेक्षा जास्त बघितल्यात.

पैशाचं एक सांगून थांबतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचा तर १८ वरून ५. दुकानदार जुनाच भाव सांगत असेल तर पक्कं बिल मागा, त्यात टक्के लिहिलेले असतात. बिल वॉरंटीलाही लागतं. पण वॉरंटी बनवण्यातल्या दोषाची असते, दगडाने कापलेल्या बाजूची नाही. आम्हीही तो फाटलेला टायर घेऊन दुकानात गेलो होतो. दुकानदाराने कट बघितला अन् टायर परत आमच्या हातात दिला. भावाने त्याचं काय केलं? दोन तुकडे करून गेटर म्हणून जीपमध्ये ठेवलेत. अन् दर बाजाराच्या दिवशी पंपावर आधी स्टेपनीची हवा तपासतो, मग बाकीच्या चार.